मागच्या माणसाचा दिवा

मोटारसायकलचे बिघाड बहुधा मालकाला आधी कळतात. साखळी सैल झाली की ती खळखळते, चाकातली हवा कमी झाली की हँडल जड लागते, प्लग काळा पडला की सकाळी किक मारता मारता घाम फुटतो. दुरुस्तीचा खर्च आपण करतो तो बहुतेक वेळा या त्रासाला कंटाळून. ज्या बिघाडाचा आपल्याला त्रासच होत नाही तो दुरुस्त करायला कोण कशाला जाईल? ब्रेकचा लाल दिवा या जातीतला आहे. तो बंद पडला तरी गाडी पळते, थांबते, ॲव्हरेजही तेवढेच देते. त्रास होतो तो मागून येणाऱ्या माणसाला, आणि तो आपल्या ओळखीचा नसतो.

त्यातही पुढच्या ब्रेकचा स्विच हा उपेक्षितांमधला उपेक्षित. ब्रेक लावला की मागे दिवा लागतो, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण मोटारसायकलला ब्रेक दोन असतात, एक हाताचा आणि एक पायाचा, आणि त्या एकाच दिव्याला दोन वेगळे स्विच जोडलेले असतात, हे पंधरा-वीस वर्षे गाडी चालवणाऱ्या कित्येकांच्या गावीही नसते. पायाचा स्विच पेडलजवळ, इंजिनाच्या उजव्या अंगाला लोंबत असतो. हाताचा स्विच हँडलच्या उजव्या मुठीपाशी, ब्रेकच्या लिव्हरच्या बेचक्यात दडलेला असतो. करंगळीच्या पेरापेक्षा फार मोठा नसेल. तो पाहायचा तर मान वाकडी करून लिव्हरच्या खालून डोकावावे लागते.

मी आयुष्याची पस्तीस-छत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यामुळे या दोन स्विचांची जोडणी मला चटकन समजली ती खात्याच्या भाषेत. जोडखात्यात 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशी एक सूचना असते. दोघांपैकी कोणाचीही सही चालते, आणि एकजण गेला तरी दुसऱ्याच्या सहीने खाते चालू राहते. हे स्विच अगदी तसेच आहेत. दोन्ही समांतर जोडलेले. बॅटरीकडून आलेला प्रवाह हाताच्या वाटेने जावो की पायाच्या, तो त्याच तारेने मागच्या त्याच बल्बपर्यंत पोहोचतो. सोय उत्तम आहे. पण अशा खात्यांमधली एक अडचण प्रत्येक बँकवाल्याला ठाऊक असते. एक खातेदार वारला तरी खाते बिनबोभाट चालत राहते, आणि तो गेल्याची खबर बँकेला वर्षानुवर्षे लागत नाही. पुढच्या ब्रेकचा स्विच असाच बिनबोभाट मरतो. मालक कधीमधी पायाचा ब्रेक दाबून मागे वळून बघतो, दिवा लागलेला दिसतो, आणि तो समाधानाने निघून जातो.

पायाची पिढी, हाताची पिढी

आमची पिढी पायाच्या ब्रेकवर वाढली. सायकल शिकवणाऱ्या थोरल्या भावाने पहिला धडा दिला तोच असा, की पुढचा ब्रेक एकदम दाबू नकोस, तोंडावर आपटशील. पुढे चेतक आली, राजदूत आली, येझदी आली, पण तो धडा मनातून गेला नाही. चेतकवर उजव्या पायाने दणकून पेडल दाबायचे. जुन्या बुलेटवर तर गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, म्हणजे दुसऱ्याची गाडी घेतली की पहिला अर्धा तास पायांची भांडणे. हाताचा ब्रेक बहुतेकांच्या लेखी चढावर गाडी धरून ठेवण्यापुरता. त्या काळातल्या पुष्कळ गाड्यांना स्विच होता तो फक्त पायाच्या ब्रेकला, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

शास्त्र मात्र वेगळे सांगते. गाडी वेगात असताना ब्रेक लावला की गाडीचे आणि स्वाराचे वजन पुढे झुकते. पुढचे चाक रस्त्यावर घट्ट दाबले जाते, मागचे हलके होते. हलके झालेले चाक रस्ता धरू शकत नाही. त्यावर जोर दिला तर ते घसरते. म्हणून कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचे निम्म्याहून बरेच अधिक काम पुढचा ब्रेक करतो. ऐंशीच्या दशकात शंभर सीसीच्या जपानी तंत्राच्या गाड्या आल्या, पुढे डिस्क ब्रेक आले, आणि नव्या मुलांनी हा हिशेब न शिकवता आत्मसात केला. आज विशीतला मुलगा सिग्नलपाशी दोन बोटांनी लिव्हर दाबून थांबतो. त्याचा उजवा पाय पेडलला लागतही नाही.

म्हणजे पूर्वी जो स्विच नसला तरी चालत होते, तोच आता मुख्य झाला आहे. दोन बोटांनी थांबणाऱ्या त्या मुलाचा पुढचा स्विच मेलेला असेल, तर मागून येणाऱ्याच्या दृष्टीने तो थांबतच नाही. तो नुसता अचानक जवळ येतो.

१ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलांना आणि १ एप्रिल २०१९ पासून सगळ्याच नव्या दुचाकींना १२५ सीसीच्या वर ॲण्टी-लॉक ब्रेक आणि त्याखाली निदान जोड ब्रेक सक्तीचे झाले. जोड ब्रेक म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांवर थोडाथोडा जोर येतो. गाड्या आता अधिक सरळ आणि अधिक कमी अंतरात थांबतात. हे चांगलेच झाले. पण पुढची गाडी जितक्या कमी अंतरात थांबणार, तितकी मागच्याला खबर लवकर मिळायला हवी. आणि ती देण्याचे काम अजूनही त्या करंगळीएवढ्या स्विचकडेच आहे.

एक अपघात, दोन घरे

१९९७ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी शाखेत कर्जविभाग पाहत होतो. आमचे हेड कॅशियर पन्नाशीचे, अत्यंत काटेकोर गृहस्थ. नोटांचा गठ्ठा दोनदा मोजल्याशिवाय सोडायचे नाहीत. त्यांच्या उजव्या गुडघ्याला जुने दुखणे होते, पावसाळ्यात ते वाढायचे, म्हणून ते गाडी हाताच्या ब्रेकवरच थांबवीत. संध्याकाळी रोकड बंद करून घरी जाताना पुलाच्या उतारावर एक म्हैस आडवी आली. ते थांबले. मागून येणारा दुधाचा टेम्पो थांबला नाही. मांडीचे हाड मोडले, सळई घालावी लागली. नंतर ते कामावर आले ते काठी घेऊन, आणि निवृत्त झाले तेही काठी घेऊनच.

दुसऱ्या दिवशी शाखेत टेम्पोवाल्याला शिव्या घालण्याची चढाओढ लागली. पिऊन चालवतात, डोळे मिटून चालवतात, हे सगळे झाले. योगायोग असा, की तो टेम्पो आमच्याच शाखेच्या कर्जावर घेतलेला होता. चालक आणि मालक एकच. तिशीतला मुलगा, चार म्हशींच्या दुधावरून सुरुवात करून गावोगावचे दूध गोळा करण्यापर्यंत पोहोचलेला. टेम्पो पोलिसांच्या आवारात उभा राहिला आणि हप्ते थकले. नोटिसीवर सही करायचे काम माझे होते. तो माझ्या टेबलासमोर उभा राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "साहेब, त्यांनी ब्रेक लावला हे मला दिसलंच नाही हो. दिवाच नाही लागला."

मी ते वाक्य शंभरांपैकी नव्वद आरोपी म्हणतात तसले समजून सोडून दिले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. पण कॅशियरसाहेबांची गाडी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे आली होती. त्यांना मी सहज विचारले. मिस्त्रींनी किल्ली फिरवली, पायाचा ब्रेक दाबला; दिवा लागला. हाताचा दाबला, काही नाही. मग त्यांनी लिव्हरच्या खाली बोट घालून एक वायर ओढून दाखवली. तिच्या टोकाची पितळी क्लिप स्विचवरून सुटून नुसती लोंबत होती, आणि तिच्यावर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता.

"ही पडल्यावर सुटली असेल," मी म्हणालो.

"पडल्यावर सुटली असती तर पितळ चकाकतं असतं, साहेब," मिस्त्री म्हणाले. "हे हिरवं व्हायला एक पावसाळा लागतो. निदान गेल्या वर्षीची आहे ही."

हा पुरावा न्यायालयात कितपत टिकला असता ते मला माहीत नाही, आणि तशी वेळही आली नाही. मोटार अपघाताच्या दाव्यांत जखमी माणसाची स्वतःची हयगय किती, हा मुद्दा निघतो आणि भरपाई त्या प्रमाणात कमी होऊ शकते. हे प्रकरण पुढे लोकअदालतीत तडजोडीने मिटले. टेम्पोवाल्याच्या कर्जाचे हप्ते आम्ही नव्याने बांधून दिले. त्याने ते फेडले, पण त्याला दोन वर्षे जास्त लागली, आणि गावोगावचे दूध तोवर दुसऱ्याकडे गेले होते. मागच्याने अंतर ठेवायला हवे होते, हे खरेच. ओल्या उतारावर तर दुप्पट ठेवायला हवे होते. पण दिवा लागला असता तर तो कदाचित थांबू शकला असता, हेही तितकेच खरे.

पुढे मी कादंबऱ्या लिहू लागलो. कादंबरीत अपघात घालायचा तर त्यामागे काहीतरी त्याच्या मापाचे कारण द्यावे लागते. वैर, दारू, निदान मनातली तगमग. सुटलेली पितळी क्लिप हे कारण कोणताही संपादक मान्य करणार नाही. दोन घरांच्या हालांना ते पुरले, एवढे मी पाहिले आहे.

आत असते तरी काय

या स्विचची करणी समजली की त्याची भीती जाते. डबीच्या आत दोन पितळी पट्ट्या असतात, एक बारीक स्प्रिंग, आणि बाहेर डोकावणारी एक छोटी खुंटी. लिव्हर सोडलेला असतो तेव्हा लिव्हरच्याच मुळाशी असलेला उंचवटा ही खुंटी आत दाबून ठेवतो आणि पट्ट्या एकमेकींपासून दूर राहतात. लिव्हर ओढला की उंचवटा दूर होतो, स्प्रिंग खुंटीला बाहेर ढकलते, पट्ट्या भिडतात, दिवा लागतो. म्हणजे आपण दाबून दिवा लावत नाही, दाब काढून लावतो. दाराची कडी काढल्यावर घंटा वाजावी, तसा हा प्रकार आहे.

ही गोष्ट लक्षात ठेवली तर निम्मे निदान घरबसल्या होते. धूळ, माती आणि जुने ग्रीस साठून खुंटी आतच अडकली तर दिवा लागणारच नाही. उलट लिव्हर पूर्ण मागे येत नसेल, त्याचा बोल्ट झिजून तो लोंबला असेल, किंवा गाडी पडल्यानंतर बसवलेल्या दुसऱ्या बनावटीच्या लिव्हरचा उंचवटा आखूड असेल, तर खुंटी कधी पुरती दाबलीच जाणार नाही आणि दिवा रात्रंदिवस लागून राहील. दिवा सतत लागणे हे न लागण्यापेक्षा बरे, असे काहीजण समजतात. ते बरोबर नाही. कायम लागलेला दिवा काहीच सांगत नाही, आणि बॅटरी मात्र खातो.

तपासायची रीत अशी. इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरवावी. जुन्या लहान गाड्यांत हेडलाइट इंजिन चालू असतानाच लागतो, पण ब्रेकचा दिवा आणि हॉर्न ही बॅटरीची लेकरे आहेत. ती इंजिनावाचून चालतात. आधी पायाचा ब्रेक दाबावा. दिवा लागला तर बॅटरी, फ्यूज, बल्ब, मागची वायर आणि अर्थिंग या पाचांची एका दमात चौकशी संपली, सगळे निर्दोष. मग हाताचा दाबावा. आता लागला नाही तर दोष पुढच्या स्विचात किंवा त्याच्या दोन वायरींत, तिसरीकडे कुठेच नाही. बँकेत ताळेबंद जुळेनासा झाला की जी पाने जुळली ती बाजूला ठेवत जायचे, हीच युक्ती आम्ही वापरायचो.

पुढची पायरी आणखी सोपी. स्विचवरच्या दोन्ही क्लिपा काढून एकमेकींना टेकवाव्यात. दिवा लागला तर स्विच मेला आहे. नाही लागला तर वायर कुठेतरी तुटली आहे. ती बहुधा तुटते हँडलच्या मानेपाशी, कारण हँडल दिवसातून शेकडो वेळा वळते आणि तिथे वायर तितक्याच वेळा वाकते. बाहेरचे प्लास्टिक शाबूत राहते आणि आतली तांब्याची तार तुटते. हँडल एका बाजूला वळवल्यावर दिवा लागतो आणि दुसऱ्या बाजूला वळवल्यावर विझतो, असे दिसले तर दुसरे काही शोधायला नको.

पायाच्या ब्रेकनेही दिवा लागला नाही तर बल्बकडे वळावे. या बल्बच्या पोटात दोन तारा असतात. सर्रास मापात एक ५ वॅटची, रात्रभर मंद जळणारी, आणि दुसरी २१ वॅटची, ब्रेकची. एक जळाली तरी दुसरी चालते, म्हणून रात्री मागचा दिवा लागलेला दिसला म्हणजे ब्रेकचाही लागतो असे नाही. बल्बच्या दोन बाजूंची टोचणे मुद्दाम वरखाली ठेवलेली असतात, की तो उलटा बसू नये; तरी जोर करून उलटा बसवणारे वीर मी पाहिले आहेत. आणि ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा उजळण्याऐवजी मंदावत असेल किंवा इंडिकेटर मिणमिणत असतील, तर अर्थिंग गेले म्हणून समजावे. परतीची वाट बंद झाल्यामुळे प्रवाह दुसऱ्याच्या घरातून वाट काढत असतो.

साफसफाई आणि जुळवणी

बहुतेक वेळा नवा स्विच लागत नाही, सफाई पुरते. क्लिपा काढाव्यात, ओढताना वायर न धरता क्लिप धरावी. लिव्हरचा बोल्ट काढून लिव्हर बाजूला घ्यावा. काही गाड्यांत स्विच एका बारीक स्क्रूने धरलेला असतो, काहींत प्लास्टिकच्या एका जिभेने. ती जीभ टाचणीसारख्या वस्तूने आत दाबली की स्विच सरकून बाहेर येतो. तिथे पक्कड लावून हिसडा दिला की जीभ तुटते आणि मग नवा स्विच घ्यावाच लागतो. जुन्या दातांच्या ब्रशने माती काढावी, विजेच्या जोडांसाठी मिळणारा फवारा मारावा, खुंटी वीसपंचवीस वेळा दाबून सोडावी. क्लिपांवरची हिरवळ बारीक पॉलिश पेपरने घासावी, क्लिप सैल असेल तर पकडीने किंचित आवळावी. लिव्हरच्या बोल्टाला ग्रीसचे बोट लावावे, स्विचला मात्र नाही. ग्रीसला धूळ चिकटते आणि दोन महिन्यांत पुन्हा पहिले पाढे.

डिस्क ब्रेकच्या गाडीत स्विच तेलाच्या डबीच्या खाली बसवलेला असतो. तिथे ओलसर चिकटपणा दिसला तर थांबावे. ते ब्रेकचे तेल असेल तर आतले रबर गेले आहे, आणि तेव्हा प्रश्न दिव्याचा राहत नाही, ब्रेकचाच होतो. ते तेल रंग खाते आणि प्लास्टिकही. तिथे घरगुती शहाणपणा नको, मिस्त्रीच हवा. काही मोठ्या गाड्यांत तेलाच्या दाबावर चालणारा स्विच असतो. त्यात खुंटी नसते, तो खोलून दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

आता जुळवणी. मागचा, पायाचा स्विच जुळवता येतो. त्याच्या अंगाला आटे आणि एक नट असतो. अंग हाताने धरून ठेवायचे आणि नट फिरवायचा. पुष्कळजण नट धरून अंगच फिरवतात आणि आतल्या वायरी पिळून तोडतात. पुढच्या स्विचला बहुतेक गाड्यांत असा नटच नसतो. तो जागच्या जागी पक्का. मग जुळवायचे काय? जुळवायचा तो लिव्हर. ड्रम ब्रेकच्या गाडीत लिव्हर ओढू लागल्यावर ब्रेक धरायच्या आधी तो थोडा मोकळा फिरतो. या मोकळ्या चालीला मिस्त्री 'प्ले' म्हणतात. लिव्हरच्या टोकाशी ती पुष्कळ गाड्यांत १० ते २० मिलिमीटर सांगितलेली असते. आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत असतो. केबलच्या टोकाचा नट फिरवून ती राखायची. चाल फार कमी ठेवली तर लिव्हर पुरता परत येत नाही, दिवा लागून राहतो आणि ब्रेकचे बूटही ड्रमला घासत राहतात.

जुळवणी बरोबर झाल्याची खूण म्हणजे, ब्रेक चाकाला धरण्याच्या क्षणभर आधी दिवा लागला पाहिजे. हा क्षणभर फार मोलाचा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर कापते. शिवाय ब्रेक न धरता नुसता दिवा लावता येणे ही घाटात एक सोयच असते. खंबाटकी किंवा कात्रज उतरताना आपण गिअर खाली घेऊन इंजिनावर गाडी धरतो. गाडी मंदावते, पण दिवा लागत नाही, कारण ब्रेक लावलेलाच नसतो. अशा वेळी मोकळ्या चालीपुरता लिव्हर दोनदा ओढला की मागचा ट्रक समजतो. जुने ड्रायव्हर खिडकीतून हात काढून खालीवर हलवीत, तेच हे काम.

खबर आणि सवय

ब्रेकच्या दिव्याने खरेच काही फरक पडतो का, हे मोजायचा एक प्रयत्न अमेरिकेत झाला. जॉन व्होएव्होडस्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ३४३ टॅक्सींना मागे मधोमध एक जादा पिवळा दिवा बसवला. गाडी जितक्या जोरात मंदावेल तितका तो वेगाने लुकलुकायचा. १९७४ मध्ये त्याने निष्कर्ष छापले: मागून बसणाऱ्या धडका सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाल्या. पुढे १९८६ च्या मॉडेलांपासून तिथल्या नव्या मोटारींना मागच्या काचेच्या उंचीवर तिसरा, पण साधा लाल, ब्रेक दिवा सक्तीचा झाला. सगळ्याच गाड्यांना तो लागल्यावर सरकारी यंत्रणेने १९९८ मध्ये दीर्घकाळचा हिशेब काढला तेव्हा फायदा उरला होता सुमारे ४ टक्के. दिवा सारखा नव्हता, हे एक कारण; आणि लोकांच्या डोळ्यांना त्याची सवय झाली, हे दुसरे. तरीही ४ टक्के म्हणजे त्या देशात दरवर्षी हजारो धडका टळणे. म्हणून तो दिवा काढला गेला नाही.

एलईडी दिव्यांचाही असाच लहानसा, न दिसणारा फायदा आहे. साध्या बल्बची तार तापून पुरती उजळायला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. एलईडी जवळजवळ तत्क्षणी लागतो. ताशी ५० किलोमीटरला तेवढ्या वेळात मागची गाडी पावणेतीन मीटर पुढे आलेली असते. म्हणजे एका मोटारसायकलची लांबी, आणि वर हातभर. पण एलईडी कितीही चपळ असला तरी त्याला उठवणारा स्विच तोच जुना आहे, खुंटी आणि स्प्रिंगचा. बाजारातून दीडदोनशे रुपयांचा झगमगता दिवा आणून बसवणारे तरुण लिव्हरखाली डोकावत नाहीत, याचे मला नवल वाटते.

कायदा याबाबत मोघम नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०२ वा नियम सांगतो, की थांबण्याचा इरादा गाडीच्या मागच्या लाल विजेच्या दिव्याने दाखवला पाहिजे आणि तो ब्रेक लावताच लागला पाहिजे. 'इरादा' हा शब्द मला आवडतो. थांबल्याचे नव्हे, थांबणार असल्याचे सांगायचे आहे. चौकातला हवालदार हेल्मेट पाहतो, परवाना पाहतो, नंबरपाटी पाहतो; पुढचा ब्रेक दाबायला लावून मागे जाऊन पाहणारा हवालदार मला अजून भेटायचा आहे. सर्व्हिसिंगच्या छापील कार्डावर 'लाइट्स' पुढे खूण केलेली असते, ती बहुधा पायाच्या ब्रेकची.

म्हणून हे काम ज्याचे त्यानेच करायचे. त्याला पाना लागत नाही आणि पैसा लागत नाही. रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून उभी केली की भिंतीवरचा लाल उजेड आरशातूनही दिसतो. दुकानाच्या काचेसमोर थांबलात तर दिवसाही दिसतो. पण सगळ्यांत खात्रीची रीत म्हणजे रविवारी सकाळी गाडी पुसायला काढाल तेव्हा घरातले कोणालाही, नातवालासुद्धा, मागे उभे करावे. आधी हाताचा ब्रेक दाबावा, त्याचा "लागला" ऐकावा. मग तो सोडून पायाचा दाबावा आणि त्याचा "लागला" वेगळा ऐकावा. शेवटी दोन्ही सोडून "विझला" हेही ऐकावे. महिन्यातून एकदा पुरते. पावसाळ्यात मात्र दर आठवड्याला.